मध्ययुगीन बल्गेरियाचा इतिहास लिहिला कुणी? या चुका टाळा

पोथीवर नाव दिसलं की तोच लेखक, असं धरून चालू नका. जुन्या बल्गेरियन ग्रंथांबाबतचे बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात. ते नाव नकलाकाराचं असू शकतं, भाषांतरकाराचं असू शकतं, किंवा आज्ञा देणाऱ्या राजाचंही.

ही माणसं वेगळी ओळखायला तुदोर दोक्सोव या भिक्षूची ९०७ सालची नोंद आधी वाचावी. चौथ्या शतकातला ग्रीक धर्मगुरू अथानासियस याच्या, ख्रिस्ताचं पूर्ण देवत्व नाकारणाऱ्या आरियन पंथाविरुद्धच्या प्रवचनांना जोडलेल्या या नोंदीत तो सांगतो: आज्ञा बल्गेरियाचा राजा सिमेऑन याची, ग्रीकवरून भाषांतर बिशप कॉन्स्टंटाइनचं, आणि टिचा नदीच्या मुखाशी बसून नक्कल केली ती आपण. सिमेऑनचा पिता बोरिस राजा त्याच वर्षी २ मेला वारल्याचंही तो नोंदवतो. इतकं स्वच्छ श्रेय फार क्वचित मिळतं, म्हणून मला ही नोंद अमोल वाटते.

राजाच्या नावावर तर मुळीच विसंबू नका. १०७३ सालच्या कीवच्या धार्मिक लेखसंग्रहात स्तुती आहे तिथल्या राजा स्व्यातोस्लावची. पण उत्तर रशियातल्या किरिलो-बेलोझेर्स्क मठातल्या १५व्या शतकातल्या नकलेत त्याच स्तुतीत सिमेऑनचं नाव आहे. म्हणजे स्तुती मुळात बल्गेरियाच्या राजाची, कीवला नाव बदललं. बल्गेरियातही हेच घडलं. १२व्या शतकातल्या बायझंटाइन लेखक मनासीसच्या ग्रीक पद्य-इतिवृत्तात बायझंटाइन सम्राट मनुएलची प्रशंसा होती. १४व्या शतकातल्या बल्गेरियन भाषांतरात तिथे बल्गेरियाचा राजा इव्हान अलेक्झांडर येऊन बसला. म्हणून एकाच नकलेवरून निष्कर्ष काढू नका, दुसरी शोधा.

याच इतिवृत्तात बल्गेरियाच्या इतिहासाची वेगळी भर आहे. ती उद्धृत करताना ‘मनासीस म्हणतो’ लिहिणं चूक. ‘फिलिप म्हणतो’ हेही चूकच: या पुरोहिताने १३४५ साली नक्कल केली, एवढंच त्यावरून सिद्ध होतं. ‘बल्गेरियन भर, कर्ता अज्ञात’ असं लिहावं.

ओख्रिडचा संत क्लेमेंट याचं दीर्घ ग्रीक चरित्र सगळ्यात चकवतं. परंपरेने ते आर्चबिशप थिओफिलाक्टच्या नावावर आहे. क्लेमेंट ९१६ साली वारला आणि थिओफिलाक्ट ११व्या शतकाच्या अखेरीस ओख्रिडला आला, तरी मजकुरात मधूनच क्लेमेंटच्या शिष्याचा आवाज ऐकू येतो. अशा वेळी एकच लेखक निवडण्याचा हट्ट सोडा. जुना स्लाव्हिक मजकूर नव्या ग्रीक चरित्रात मुरला असावा, हा अभ्यासकांचा तर्क मला सर्वांत पटतो. म्हणून परिच्छेदागणिक पाहावं: इथे बोलतोय कोण?

बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या नावावरची बल्गेरियन कथा खोटी म्हणून टाकू नका. नाव उसनं असलं तरी ११व्या शतकाच्या सुमारास बल्गेरियन राजांची आठवण कशी जपली गेली, ते तिच्यात सापडतं. आणि स्लाव्हिक लिपीची बाजू मांडणारा ‘अक्षरांविषयी’ हा लेख लिहिणारा भिक्षू ख्राबर म्हणजे क्लेमेंट, त्याचा सहकारी नाउम की खुद्द सिमेऑन, यावर पैज लावू नका. तिन्ही नावं सुचवली गेलीत, सिद्ध एकही नाही. संदर्भ देताना ‘ख्राबर’ एवढंच लिहा.