गाडीची दुसरी चावी, पहिली हातात असतानाच करून घ्या

जानेवारीत सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेला गेलो होतो. होम मैदानावर पोरांना आकाशपाळण्यात बसवलं, भेळ झाली, बाहेर येऊन खिसा चाचपतो तर चावी गायब. दुसरी चावी घरी असायला पाहिजे ना, ती नव्हतीच, कारण सेकंडहँड गाडी घेताना आधीच्या मालकाने एकच दिली आणि मी पण बघू की नंतर म्हणालो. स्टेअरिंग लॉक पडलेलं त्यामुळे टोचन पण लावता येईना, शेवटी उचलून नेणारी गाडी बोलवावी लागली. आमचे दाजी फोनवर म्हणाले, "एवढं शिकून एक चावी करून घेता येईना बे तुला?" बरोबरच होतं त्यांचं.

मग नवीन चावी करायला ज्या फेऱ्या मारल्या त्यांत जे कळलं ते लिहितोय.

पहिलं म्हणजे आपली चावी कोणत्या जातीची आहे ते बघा. जुन्या गाड्यांची नुसती लोखंडी, ती कोपऱ्यावरचा चावीवाला मशीनवर घासून देतो, विषय संपला. दुसरी चिपवाली, दिसायला तशीच पण प्लास्टिकच्या डोक्यात बारीक चिप बसवलेली असते, मारुतीवाले याच सिस्टिमला आयकॅट्स म्हणतात. आणि तिसरी स्मार्ट की, खिशात ठेवायची आणि बटण दाबून गाडी चालू करायची. चिपवाल्या गाडीची नुसती लोखंडी डुप्लिकेट केली तर दार उघडतं, चावी फिरते, इंजिन घरघरतं पण चालू होत नाही किंवा चालू होऊन लगेच बंद पडतं, आणि मीटरवर गाडी आणि कुलपाचं किंवा चावीचं चित्र लुकलुकत राहतं. लोकांना वाटतं बॅटरी गेली. बॅटरी नाही, गाडीने चावी ओळखली नाही.

या चिपला स्वतःचा सेल नसतो. चावी घालायच्या जागेभोवती तारेचं वेटोळं असतं, तिथून तिला करंट मिळतो आणि ती आपला नंबर सांगते, तो जुळला तरच इंजिनला परवानगी. म्हणून रिमोटचा सेल संपला तरी चावी घालून फिरवायची गाडी चालूच होते, उगाच घाबरू नका. रिमोट आणि चिप एकाच डबीत असले तरी दोघांचा संसार वेगळा.

आता की कोड. नव्या गाडीच्या चाव्यांसोबत बऱ्याच वेळा एक छोटी पत्र्याची पट्टी येते, त्यावर आकडे नाहीतर अक्षरं कोरलेली असतात. आपण ती शोरूमची टिकली समजून कुठंतरी टाकतो. त्या कोडवरून पात्यावरची प्रत्येक खाच किती खोल ते कळतं, म्हणजे हातात एकही चावी नसताना मशीनवर अगदी कंपनीसारखं पातं कापता येतं. चावी असली तरी पट्टीचा उपयोग आहेच, कारण दहा वर्षं वापरून झिजलेल्या चावीवरून काढलेली डुप्लिकेट जन्मतःच झिजलेली, ती आज लागेल आणि सहा महिन्यांनी अडकेल. चावीवाल्याला म्हणायचं, कोडवरून काप, चावीवरून नको.

पण हा कोड फक्त पात्याचा. चिपचं कोडिंग, म्हणजे गाडीला नवी चिप ओळखायला शिकवणं, वेगळं, ते गाडीला स्कॅनर जोडून करतात आणि काही गाड्यांना त्यासाठी वेगळा पिन लागतो. पट्टी हरवली तर शोरूमवाले १७ अक्षरी चेसिस नंबरवरून कोड मागवतात, त्याला आरसी आणि आधार दाखवावं लागतं. तो नंबर काही गाड्यांत पुढच्या काचेतून कुणालाही दिसतो, म्हणून कागद न बघता चावी करून देतो म्हणणाऱ्यापासून लांबच राहा. तो उद्या दुसऱ्यालाही तुमच्या गाडीची करून देईल. ही पट्टी चावीच्या जुडग्यात नको, डॅशबोर्डच्या खणात तर नकोच नको, घरी कपाटात आरसीच्या झेरॉक्सबरोबर ठेवा. तिचा किंवा चावीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवू नका, पात्याचा स्वच्छ फोटो असला तर त्यावरून चावी कापता येते.

कोडिंगला जाताना घरातल्या सगळ्या चाव्या घेऊन जा. बऱ्याच गाड्यांत नवीन चावी नोंदवताना जुन्या पुसल्या जातात आणि जी समोर नाही ती बाद होते, मग घरी राहिलेल्या चावीसाठी परत चक्कर. तिथं शेजारी उभे राहा आणि विचारा, गाडीत किती चाव्या नोंदलेल्या आहेत? बऱ्याच गाड्यांत स्कॅनरवर आकडा दिसतो. तुमच्याकडे दोन आणि तिथं तीन दिसल्या तर तिसरी कुणाकडे आहे याचा विचार करा आणि सगळ्या पुसून फक्त आपल्या दोनच घालायला सांगा. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर हे पहिल्याच आठवड्यात. निघायच्या आधी प्रत्येक चावीने दार, डिकी, रिमोट आणि इंजिन तिथंच चालवून बघा.

चावी खरंच हरवली तर पोलिसात तक्रार देऊन पोचपावती घ्या आणि इन्शुरन्सवाल्यांना लगेच कळवा, कारण पुढे गाडी चोरीला गेली तर क्लेमच्या वेळी दोन्ही ओरिजनल चाव्या मागतात आणि एकच दिली तर प्रश्न सुरू होतात. पॉलिसीत चावीचं ॲडऑन आहे का तेही बघा. हरवलेली चावी सिस्टिममधून पुसली तरी तिच्या पात्याने दार उघडतंच, तेव्हा पत्ता लिहिलेल्या पाकिटासकट गेली असेल तर लॉक सेट बदला, खर्चाकडे बघू नका.

स्मार्ट कीवाल्यांची भानगड निराळी. आपल्याकडे आल्या आल्या चावी दाराजवळच्या खिळ्याला अडकवायची सवय, आणि चोर नेमके त्यावरच टपलेले. एक जण दाराबाहेर यंत्र घेऊन उभा राहतो, दुसरा गाडीपाशी, आणि चावीचा सिग्नल पुढे ढकलून गाडीला वाटतं मालक शेजारीच आहे. चावी आतल्या खोलीत ठेवा, नाहीतर सिग्नल अडवणारं पाऊच घ्या, पण घेतल्यावर तपासा, चावी त्यात घालून गाडीपाशी जा आणि हँडल ओढा. दार उघडलं तर पाऊच परत करा. सोबत साधा गिअर लॉक पण लावा. चोरांची यंत्रं कितीही पुढारली तरी लोखंड कापायला वेळ आणि आवाज लागतोच.

आणि सेल. बऱ्याच रिमोटमध्ये सीआर २०३२ असतो, म्हणजे २० मिमी रुंद आणि ३.२ मिमी जाड, ३ व्होल्टचा. पण आपल्यात कोणता आहे ते उघडून बघूनच आणा, पातळ आणला की डबीत हलत बसतो. सोलापूरच्या मे महिन्यात रिमोट डॅशबोर्डवर उन्हात सोडू नका. स्मार्ट कीचा सेल वाटेतच संपला तर डबीच्या आत लोखंडी पातं लपवलेलं असतं, त्याने दार उघडा, मग बऱ्याच गाड्यांत डबी स्टार्ट बटणाला टेकवून ब्रेक दाबून बटण दाबलं की चालू होते. डबी नक्की कुठं टेकवायची ती जागा काही गाड्यांत वेगळी असते, पुस्तकात दिलेली असते. हे एकदा घरासमोरच करून बघा, विजापूर रोडवर रात्री अकराला पुस्तक वाचत बसायची पाळी नको.