रविवार शनिवारी दुपारी सुरू होतो: इंदूरच्या घरात प्रभूचा दिवस कसा पाळावा

रविवार पाळायचं ठरवूनही तो मोडतो, आणि बहुतेक वेळा शनिवारी रात्री अकरा वाजता सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारातच मोडतो. भुट्ट्याचा कीस, गराडू, वर जिलबी, आणि घरी परतायला साडेबारा. सकाळी मुलं उठत नाहीत, शर्टाला इस्त्री नसते, दानासाठी सुटे पैसे नसतात. घरातला प्रत्येक जण दुसऱ्यावर चिडलेला असतो आणि पहिलं गीत संपता संपता सगळे मागच्या बाकावर येऊन बसतात. सराफ्याला शुक्रवारी जा. पवित्र शास्त्रातल्या उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात दिवसाची मोजणी संध्याकाळपासून आहे: आधी संध्याकाळ, मग सकाळ. आपणही रविवार शनिवारच्या दिवेलागणीपासून धरला की निम्मी ओढाताण तिथेच संपते.

हे सगळं अशा ख्रिस्ती घरांसाठी आहे, जी निर्गम २० मधली चौथी आज्ञा, म्हणजे शब्बाथ हा विसाव्याचा दिवस पवित्र पाळण्याची आज्ञा, आजही आज्ञाच मानतात. पहिल्या मंडळीने आठवड्याचा पहिला दिवस धरला, कारण प्रभू त्या दिवशी उठला. प्रेषितांची कृत्ये २०:७ मध्ये शिष्य भाकर मोडायला त्याच दिवशी जमलेले दिसतात, आणि प्रकटीकरण १:१० मध्ये योहान ‘प्रभूचा दिवस’ असा शब्द वापरतो. यशया ५८:१३ सांगतं की शब्बाथ पवित्र आणि आनंदाचा माना. मार्क २:२७ सांगतं की शब्बाथ माणसासाठी झाला, माणूस शब्बाथासाठी नाही. दोन्ही वचनं एकत्र धरायची. पहिलं सोडलं तर रविवार नुसता सुटीचा वार होतो. दुसरं सोडलं तर मुलं त्या दिवसाला कंटाळतात आणि मोठी झाल्यावर पाठ फिरवतात.

काय करावं आणि काय टाळावं, यासाठी जुनी चाळणी पुरेशी आहे. १८७७ मध्ये कॅनडाचं प्रेस्बिटेरियन मिशन इंदूर-महूला आलं. त्या परंपरेच्या वेस्टमिन्स्टर प्रश्नोत्तरीनुसार, म्हणजे धर्मशिक्षणाच्या जुन्या पुस्तकानुसार, या दिवशी दोनच प्रकारची कामं चालतात: गरजेची आणि दयेची. ही चाळणी नळापाशी लावून पाहा. इंदूरच्या बऱ्याच वस्त्यांत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, म्हणजे एक रविवार सोडून पुढच्या रविवारी तुमचा नळ येणारच. कॅलेंडरवर खूण करून ठेवा. त्या दिवशी पाणी भरायचं, त्यात कसलाही संकोच नको. लूक १४:५ मध्ये विहिरीत पडलेल्या बैलाला शब्बाथ दिवशी लगेच बाहेर काढतातच ना? पण पाणी आलंच आहे तर टाकी घासू, गाडी धुऊ, पडदे भिजत घालू, असं करायचं नाही. ती कामं सोमवारपर्यंत थांबू शकतात.

आता शनिवार. दुपारी तीनपर्यंत बाजार उरका: भाजी, दूध, पाव, रोजची औषधं आणि गाडीत पेट्रोल. पेट्रोल हमखास राहतं आणि रविवारी सकाळी पंपावर दहा मिनिटं जातात. चारच्या सुमाराला इस्त्री करा, आणि मुलांचे सोमवारचे गणवेशही त्यातच उरका, नाहीतर रविवारची संध्याकाळ इस्त्रीत जाते. शाळेचा गृहपाठ शनिवारी जेवणाआधी पूर्ण व्हायला हवा. हा नियम पहिले तीन-चार आठवडे जड जातो, मग मुलं स्वतःच शुक्रवारपासून मागे लागतात. रात्री ओला आणि सुका कचरा वेगवेगळ्या बादल्यांत भरून दाराशी ठेवा, म्हणजे सकाळी गाडीचं गाणं वाजल्यावर धावपळ होत नाही. पवित्र शास्त्र, गीतांचं पुस्तक, चष्मा आणि दानाची पाकिटं एकाच पिशवीत घालून ती दाराच्या खिळ्याला अडकवा. १ करिंथ १६:२ मध्ये पौल सांगतो की पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या मिळकतीप्रमाणे बाजूला काढून ठेवावं. म्हणून मुलांना त्यांच्या खाऊच्या पैशातूनच पाकीट भरू द्या, दहा रुपये का असेनात. दारात बापाने हातात कोंबलेली नोट ही मुलाचं दान होत नाही.

रविवारचं जेवण हा खरा पेच, कारण बहुतेक घरांत त्याचा सगळा भार एकट्या आईवर पडतो. बाकीचे उपासना करून येतात आणि ती परत ओट्याशी उभी राहते. काही घरं निर्गम ३५:३ चा आधार घेऊन चूलच पेटवत नाहीत. आम्हाला ती तरतूद इस्राएलच्या व्यवस्थेतली वाटते, आणि थंडीत गरम जेवण हाही त्या दिवसाचा आनंदच आहे. पण जेवणातलं वेळखाऊ काम आदल्या दिवशी करता येतं.

एक किलो मटण धुऊन त्याला दोन मोठे चमचे आलं-लसणाचं वाटण, एक चमचा हळद आणि दीड चमचा मीठ लावून फ्रीजमध्ये ठेवा. चार मध्यम कांदे उभे चिरून आणि अर्धी वाटी सुकं खोबरं किसून दोन्ही वेगवेगळं तांबूस भाजा, कारण खोबरं कांद्याच्या कितीतरी आधी करपतं. थोड्याच पाण्यात बारीक वाटून घ्या. मग चार मोठे चमचे तेलात हे वाटण घरच्या मसाल्यासकट तेल सुटेपर्यंत परता. इथे घाई झाली की ओलसर राहिलेलं वाटण आंबतं. परतलेलं वाटण पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. गरम असताना झाकण लावलं तर वाफेचं पाणी सुटतं आणि मेच्या उन्हाळ्यात ते सकाळपर्यंतही टिकत नाही. कणीक रात्री मळून वरून तेलाचा हात फिरवा, म्हणजे ती सुकून काळपट होणार नाही. रविवारी घरी आल्यावर वाटण कुकरमध्ये गरम करा, त्यावर मटण पाच मिनिटं परता, तीन कप कढत पाणी घाला, मोठ्या आचेवर एक शिट्टी होऊ द्या आणि मग मंद आचेवर वीस मिनिटं ठेवा. पाणी गार घातलं तर उकळी मोडते आणि वेळ वाढतो. वाफ आपोआप उतरेपर्यंत भात होतो, पोळ्या लाटून होतात, आणि घरात पाऊल टाकल्यापासून पाऊण तासात पानं वाढता येतात. शाकाहारी घरांनी हेच वाटण रात्री भिजवलेल्या काळ्या वाटाण्याला वापरावं.

सकाळी मात्र पोहेच करा, आणि घरीच. चौकातल्या दुकानातून पोहे-जिलबी आणायची इंदूरची सवय मोडणं कठीण आहे हे खरं, पण आज्ञेचे शब्द नीट वाचा: तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझ्या वेशीच्या आतला परकासुद्धा. आपल्या विसाव्यासाठी दुसऱ्याला राबवणं या आज्ञेत बसत नाही.

म्हणूनच कामवाल्या बाईंना रविवारी सुटी द्या, भरपगारी. आमच्या समाजात रविवारी सिनेमा बघावा की नाही यावर तासभर वाद होतात, आणि त्याच वेळी स्वयंपाकघरात बाई भांडी घासत असते. कामगाराला हा विसावा फुकट मिळालेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत रविवारच्या सुटीसाठी नारायण मेघाजी लोखंडे लढले आणि १८९० मध्ये ती मिळाली. ते सत्यशोधक होते, ख्रिस्ती नव्हते. एकेकाळी गिरण्यांचं शहर असलेल्या इंदुरातल्या कितीतरी मराठी घरांनी त्या सुटीचं सुख भोगलं आहे, तेव्हा आपल्या घरात राबणाऱ्या बाईला ती नाकारणं अगदीच लाजिरवाणं आहे. आणि सुटी खरी असू द्या. रविवारची भांडी साठवून सोमवारी तिच्यापुढे डोंगर रचला तर तिला काहीच मिळालं नाही. रात्री घरच्यांनीच भांडी उरकावीत: एक घासेल, एक विसळेल, एक पुसून फडताळात लावेल. पाच माणसांची भांडी वीस मिनिटांत होतात.

सगळ्यात अवघड प्रश्न कोचिंगचा. भंवरकुआंच्या क्लासमधून मूल दर रविवारी सकाळी टेस्टला बसतं आणि दोन वर्षांत त्याची उपासनेची सवय पार तुटते. बारावीनंतर ती परत येईल असं धरून चालणं चुकीचं आहे. सहसा येत नाही. म्हणून फी भरण्याआधीच विचारा: टेस्ट कोणत्या वारी असते, दुपारच्या तुकडीत बसता येईल का, पेपर सोमवारी मिळेल का. फी भरल्यावर हे विचारलं तर तुमच्या हातात काहीच उरत नाही. उत्तर तोंडी मिळालं तर अर्जावर लिहून घ्या. कुठलाच क्लास तयार नसेल तर मूल टेस्ट चुकवेल, पेपर घरी वेळ लावून सोडवेल, आणि त्याने कमी झालेल्या क्रमांकावरून त्याला एक शब्दही बोलायचा नाही, हे आईवडिलांनी आधी आपसात ठरवायला हवं. क्रमांकावरून बोलणारे वडील आणि उपासनेला नेणारे वडील एकच असले की मूल गोंधळतं.

वर्षातून एकदा येणारी परीक्षा वेगळी. नीट मेमधल्या रविवारी होते, यूपीएससीची पूर्वपरीक्षाही रविवारीच असते, आणि ती तारीख आपल्या हातात नाही. याबाबत मंडळीतल्या वडीलधाऱ्यांची मतं एक नाहीत. आमचं मत असं की तिथे मुलाला बसू द्यावं. आदल्या संध्याकाळी घरात स्तोत्र वाचून प्रार्थना करावी आणि परीक्षेनंतरची संध्याकाळ देवाला द्यावी. रोजची सवय आणि कधीमधी येणारी अडचण यांना एकाच काठीने हाकलं की मुलांना दोन्हींतला फरक कळेनासा होतो.

परिचारिका, डॉक्टर, वीज मंडळातले, पोलिस आणि बसचालक यांनी मनाला खात बसू नये. आजाऱ्याची सेवा हे दयेचंच काम, आणि प्रभूने शब्बाथ दिवशी रोगी बरे केले. महिन्याची ड्युटी लागायच्या आधी महिन्यातून दोन रविवार तरी मागून घ्या. बदल्यात दिवाळीची किंवा धुळवडीची पाळी स्वतःहून घ्या. सहकाऱ्यांना ती नकोच असते, म्हणून हा सौदा सहज जमतो.

रविवारी बोलावणी खूप येतात: मुंज, साखरपुडा, वास्तुशांत. शेजाऱ्याच्या आनंदाकडे पाठ फिरवणं हे धार्मिकपण नव्हे. आदल्या दिवशीच सांगून ठेवा: ‘काकू, सकाळी आमची उपासना असते, आम्ही जेवायच्या वेळेला येतो.’ मग खरंच जा, आहेर द्या, पंगतीला बसा. पूजेचा प्रसाद पुढे आला तर १ करिंथ १० मधलं मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दलचं वचन मनात ठेवून हात जोडून नम्रपणे नाही म्हणा, तेही एकदाच आणि हळू आवाजात. पंगतीत उभं राहून कारण सांगत बसू नका.

दुपारी झोपा. अर्धा-पाऊण तास झोप, मग कोणाला तरी भेटायला बाहेर. एम.वाय. रुग्णालयात मंडळीतलं कोणी असेल तर दहा मिनिटांहून जास्त बसू नका. जाताना रोग्याबरोबर रात्र काढणाऱ्यासाठी चार पोळ्या, भाजी आणि थर्मासात चहा न्या. फळं सगळेच आणतात. उपाशी असतो तो सोबतीला बसलेला माणूस. मोबाइल शनिवारी रात्रीपासून स्टीलच्या डब्यात ठेवा, फक्त एक फोन वाजता राहू द्या, कारण आजारपणाचा निरोप रविवारीही येतो.

संध्याकाळची घरची प्रार्थना मराठीत ठेवा, हा आमचा आग्रह. इंदुरात उपासना बहुधा हिंदीत होते, संडे स्कूलही हिंदीत, त्यामुळे मुलाला ‘सब्त’ कळतो पण ‘शब्बाथ’ परका वाटतो, ‘भजन संहिता’ माहीत असते आणि ‘स्तोत्रसंहिता’ उघडता येत नाही. त्याने सकाळी शिकलेलं वचन आधी हिंदीत म्हणू द्या, मग तेच मराठीत काढून त्याच्याकडूनच वाचून घ्या. अडखळला तर शब्द सांगा, वाक्य सांगू नका. सुरुवातीला स्तोत्र ९२ घ्या: त्याच्या शीर्षकातच ते शब्बाथ दिवसाचं गीत आहे असं म्हटलेलं आहे, आणि त्याच्या पंधरा ओव्या पाच जणांत तीन-तीन वाटता येतात. पेटी असेल तर ना. वा. टिळकांचं एखादं भजन म्हणा. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी ख्रिस्ती भक्ती अभंगाच्या चालीत आणली, आणि ही चाल आजी-आजोबांना पुस्तकाशिवाय येते. पेटी पांढरी चारमध्ये धरली की मुलं आणि आजोबा दोघांचाही आवाज पोहोचतो. त्याहून वर गेलात तर आजोबा गप्प होतात.

एकूण वीस मिनिटं. घरातल्या सर्वांत लहान मुलाच्या चुळबुळीवर लक्ष ठेवा आणि ती सुरू व्हायच्या आत शेवटची प्रार्थना करा. वडिलांची प्रार्थना लांबते, ही बहुतेक घरांतली तक्रार असते. म्हणून एक रविवार आईने, एक मुलांनी करावी. मग भांडी, मग सोमवारचे डबे, आणि दाराजवळची पिशवी रिकामी करून पुन्हा त्याच खिळ्याला.