न्यूयॉर्कमध्ये फेलनीची (गंभीर गुन्ह्याची) केस ग्रँड ज्युरीपुढे कशी जाते आणि घरच्यांनी काय करायचं

ग्रँड ज्युरी दोषी की निर्दोष ते ठरवत नाही. आपल्या डोक्यात नानावटी खटल्यातली ज्युरी असते, ही तशी नाही. केस चालवण्याइतका पुरावा आहे का, एवढंच ही बघते.

सगळ्यात आधी अटकेची वेळ लिहून ठेवा. फेलनीत माणूस कोठडीत असेल तर साधारण १२० तासांत, मध्ये शनिवार-रविवार किंवा सुट्टी आली तर १४४ तासांत, ग्रँड ज्युरीचं मत किंवा कोर्टात प्राथमिक सुनावणी व्हावी लागते, नाहीतर सहसा त्याला सोडावं लागतं. सुटला म्हणजे केस संपली असं मात्र नाही हं!

मग लगेच वकिलाला विचारा, आरोपीने ग्रँड ज्युरीपुढे बोलायचं का? बोलायचा हक्क आहे, पण तशी लेखी नोटीस सरकारी वकिलाला वेळेत द्यावी लागते, आणि घाबरलेल्या घरात नेमकं हेच राहून जातं म्हणून परत सांगतो, पहिल्याच भेटीत विचारा. बोलायचं ठरलं तर इम्युनिटी (दिलेल्या साक्षीमुळे खटला न होण्याचं संरक्षण) सोडल्याची सही करावी लागते, सरकारी वकील उलटतपासणी घेतो, आणि तिथे शपथेवर बोललेलं पुढे ट्रायलमध्ये अंगावर येऊ शकतं. आपला वकील शेजारी बसून सल्ला देऊ शकतो पण ज्युरीशी बोलू शकत नाही. माझं मत विचाराल तर "आपण खरं सांगू, ते समजून घेतील" या भरवशावर आत जाऊ नका. आणि आरोपी ग्रीन कार्ड किंवा व्हिसावर असेल तर इमिग्रेशनच्या वकिलालाही त्याच दिवशी फोन करा.

आत १६ ते २३ सामान्य नागरिक असतात. जज बसलेला नसतो, पुरावा सरकारी वकील मांडतो आणि सगळं गुप्त असतं, घरच्यांना आत जाता येत नाही. ज्युरर साक्षीदाराला प्रश्न विचारू शकतात. मतदानाच्या वेळी फक्त ज्युररच खोलीत, एकमत लागत नाही, १२ मतं पुरतात.

मतं मिळाली की इंडाइटमेंट (औपचारिक आरोपपत्र) होतं आणि केस न्यूयॉर्क शहरात सुप्रीम कोर्टात, शहराबाहेर सहसा काउंटी कोर्टात जाते (घाबरू नका, न्यूयॉर्कमध्ये ट्रायल कोर्टाचंच नाव सुप्रीम कोर्ट आहे). वेळेत नोटीस देऊनही बोलू दिलं नसेल तर आरोपीला तिथे हजर केल्यापासून पाच दिवसांच्या आत वकिलाने अर्ज करायला हवा. आणि ज्युरीने आरोप फेटाळला तर तोच आरोप परत ग्रँड ज्युरीपुढे न्यायला सरकारी वकिलाला कोर्टाची परवानगी लागते.