भयकथा लिहिणाऱ्यांचे मंडळ गोव्यात कसे चालवावे

भयकथा लिहिणाऱ्यांनी एकत्र बसायचे ठरवले की पहिल्या बैठकीत बहुधा एकच प्रकार घडतो. प्रत्येक जण आपली सर्वांत भीतीदायक कथा वाचतो, ऐकणारे 'अंगावर काटा आला' असे म्हणतात, चहा होतो आणि पुढच्या महिन्यात निम्मीच मंडळी येतात. डिचोलीच्या आमच्या मंडळाचे पहिले वर्ष असेच गेले. दुसऱ्या वर्षी आम्ही बैठकीतला प्रश्न बदलला. कथा किती घाबरवते हे विचारणे सोडून दिले आणि ही भीती कोणाची, ती कोणी कोणाला शिकवली, तिच्यामुळे गावातले कोण कोणत्या वाटेने जायचे थांबले, हे विचारू लागलो. मंडळ टिकले ते तेव्हापासून, आणि पुढची सारी पद्धत या एका प्रश्नाभोवती बेतलेली आहे.

माणसे सहा ते दहा असावीत. त्याहून अधिक झाली की वाचन उरकले जाते आणि चर्चा राहते. सगळेच कथालेखक नसले तर उत्तम. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांनी आजवर एकही कथा लिहिलेली नाही, पण कोणत्या वाड्यावर कोणती वाट तिन्हीसांजेनंतर बंद होते ते त्यांना पाठ आहे. देवावर श्रद्धा असलेले आणि नसलेले असे दोन्ही प्रकारचे लोक हवेत, आणि ख्रिस्ती कुटुंबात वाढलेले निदान एक-दोघे तरी हवेत, कारण दोन नोव्हेंबरला दफनभूमीत मेणबत्त्या लावणाऱ्या घरातली मृतांविषयीची भावना आणि म्हाळयाला पान वाढणाऱ्या घरातली भावना यांत साम्य किती आणि अंतर किती, हे एकट्या हिंदू लेखकाला कळत नाही. नियम मात्र एकच ठेवावा: भूत असते की नसते हा वाद बैठकीत काढायचा नाही. तो निघाला की दोन तास जातात, कोणाचेही मत बदलत नाही आणि कथा तशीच हातात राहते.

बैठकीसाठी कोणाच्या तरी घराचा सोपा किंवा बलकांव, म्हणजे दारापुढची बसायची ओसरी, पुरेशी होते. दिवे घालवून मेणबत्तीच्या उजेडात वाचण्याचा मोह टाळावा. आम्ही तो एकदा केला. अक्षर दिसेना, आणि एका हस्तलिखिताचा कोपरा जळाला, त्या रात्रीची खरी भीती तेवढीच.

वर्षाचे वेळापत्रक गोव्याच्या ऋतूंप्रमाणे आखावे. कार्तिकापासून जत्रा सुरू होतात, फाल्गुनात शिगमो येतो आणि मे महिन्यापर्यंत लोक घराबाहेर, अंगणात, मांडावर म्हणजे गावाच्या उत्सवाच्या मोकळ्या जागेत भेटतात. हा ऐकण्याचा आणि टिपून ठेवण्याचा काळ. पावसाळ्यात शेतीची घाई असते आणि वाटा बंद होतात, तेव्हा घरी बसून लिहावे आणि वाचावे. शिगम्याच्या दिवसांत डिचोली तालुक्यातल्या साळ गावी गड्यांचा, म्हणजे अंगात येणाऱ्या पुरुषांचा, उत्सव रात्रीच्या अंधारात चालतो. सत्तरीतल्या झर्मे गावी 'चोर' हा विधी होतो, आणि चोर समजून निरपराध माणसांना मारल्याचे गावाचे जुने पाप त्यामागे असल्याचे सांगतात. भयकथेच्या अभ्यासकाने झर्म्याचा विधी एकदा तरी पाहावा, कारण तिथे माणसे जमिनीत पुरली जाताना दिसतात आणि तरीही पाहणाऱ्याच्या मनात उरते ती अपराधाची जाणीव. पण पाहायला जाताना मोबाईल खिशात ठेवावा. अवसर आलेल्या, म्हणजे अंगात आलेल्या, माणसाचे चित्रीकरण करून ते पसरवणे हा त्या माणसाचा अपमान आहे, आणि एकदा तसे झाले की त्या गावात मंडळातल्या कोणाशीही कोणी मोकळेपणाने बोलत नाही.

पहिल्या तीन-चार बैठकींत स्वतःच्या कथा वाचूच नयेत. आधी भरताच्या नाट्यशास्त्राचा सहावा अध्याय मराठी भाषांतरातून वाचावा. भयानक रसाची कारणे तिथे मोजून दिली आहेत: विकृत आवाज, भुतांचे दर्शन, कोल्ह्यांची आणि घुबडांची भीती, ओसाड घर, अरण्य, आप्तांचा वध किंवा त्यांना झालेले बंधन पाहणे वा ऐकणे, आणि गुरू किंवा राजा यांच्याबाबतीत घडलेला अपराध. नवखा लेखक घुबड आणि ओसाड घर एवढेच उचलतो. शेवटची दोन कारणे त्याच्या ध्यानात येत नाहीत, आणि गोव्याची भयकथा तर बरीचशी तिथेच दडलेली आहे. १५६० साली सुरू होऊन १८१२ साली कायमची बंद झालेली धर्मसमीक्षण सभा, म्हणजे पोर्तुगीजांचे इन्क्विझिशन, ही राजाविरुद्धच्या अपराधाचीच भीती होती. जुन्या गोव्यातल्या हातकात्रो खांबापाशी उभे राहून लोक आजही हात तोडल्याच्या कथा सांगतात. मंडळातल्या प्रत्येकाने या यादीतले एक कारण निवडावे आणि त्यावर आपल्याच घरात ऐकलेली एक आठवण पानभर लिहून आणावी. भुताचे नाव न घेता लिहायचे, ही अट घालावी.

त्यानंतर भुतांची वही उघडावी. आमच्या सगळ्या कामात सर्वाधिक उपयोगी ठरली ती हीच. साधी लांब वही घ्यावी आणि प्रत्येक नावापुढे ते भूत जिवंतपणी कोण होते, कसे मेले, त्याचे काय राहून गेले, ते कुठे असते, काय मागते आणि कोणाला धरते, एवढे लिहीत जावे. मुंजा हा मुंज झालेला पण सोडमुंज होण्यापूर्वी मेलेला मुलगा. अळवंत ही बाळंतपणात किंवा विटाळशी असताना मेलेली बाई. लावसट म्हणजे विधवेचे भूत. समंध हा निपुत्रिक गेलेला, पैशात जीव अडकलेला, ठेव्यावर बसून राहणारा. दहा-बारा नावे भरली की वहीचे पान बोलू लागते. ज्याचे लग्न राहिले, जिला मूल होताना मरण आले, जिचा नवरा आधी गेला, ज्याला पिंड द्यायला कोणी नाही, तीच माणसे मेल्यावर भीतीदायक ठरली आहेत. भरल्या घरात, नातवंडांच्या गराड्यात गेलेला माणूस या वहीत जवळजवळ सापडत नाही. काही भुतांची नावे जातींवरून पडली आहेत. ती नोंदताना संकोच वाटतो, आणि तो वाटलाच पाहिजे, पण वगळू नयेत. अळवंतीची कथा लिहायला घेतलेल्या आमच्या एका मैत्रिणीने ही वही पाहिल्यावर कथेतला झाडाखालचा प्रसंग काढून टाकला आणि बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसून पंचांग चाळणाऱ्या सासऱ्यापासून सुरुवात केली. ती कथा ऐकताना आम्ही पहिल्यांदा गप्प झालो.

देवचाराला मात्र या वहीत कोंबू नये. त्याच्यासाठी वेगळे पान ठेवावे, कारण देवचार म्हणजे राखणदार, गावाच्या सीमेचा धनी. त्याची भीती वाटते, पण ती घरच्या कडक आजोबांच्या भीतीसारखी. वाट चुकलेल्याला तो घरी पोचवतो, आणि कबूल केलेले दिले नाही तर त्याच माणसाला रात्रभर एका शेतात गोल फिरवतो. त्याला रोट, विडी, सोरो म्हणजे दारू, मेणबत्ती देतात. काही ठिकाणी चामड्याच्या वाहणा वाहतात. सत्तरीतल्या एका आजींनी आम्हाला अशा वाहणांविषयी सांगितले होते. चुलीपुढे बसून त्या काजूच्या बिया भाजत होत्या. नव्या वाहणा ठेवल्या की वर्षभराने त्यांचे तळवे झिजलेले दिसतात, हे सांगताना त्यांनी स्वतःच्या पायातली चप्पल काढली, उलटी केली आणि टाचेच्या बाहेरच्या कडेवर बोट ठेवून म्हणाल्या, 'हांगा झिजता. चलपी मनशाचें झिजता तशें.' देवचाराचे नाव त्यांनी एकदाही घेतले नाही.

आमच्यातल्या एकाने त्यावर कथा लिहिली आणि तिच्यात लाल डोळे, घोगरे हास्य आणि सळसळणारी पिंपळाची पाने घातली. बैठकीत ती पडली. दुसऱ्या खर्ड्यात त्याने ते सगळे काढले आणि फक्त टाचेची झिजलेली कड ठेवली. खर्डे तपासताना हीच रीत पाळावी: प्रत्येक भीतीदायक तपशिलासमोर समासात 'हे कोणी पाहिले?' असे लिहावे, आणि ज्याचे उत्तर 'सिनेमात' असे येईल तो तपशील बेधडक छाटावा. शिवाय कथेतल्या माणसांना ती भीती रोजच्या व्यवहारात कुठे आड येते हे दिसले पाहिजे. तिन्हीसांजेला शीळ घालायची नाही एवढे सांगून भागत नाही; शीळ घालणाऱ्या पोराला कोण, कोणत्या शब्दांत दटावते तेही यायला हवे.

भाषेचा प्रश्न गोव्यात टाळता येत नाही. सांगणारा कोकणीत सांगतो आणि आपण मराठीत लिहितो. कोकणीतून मराठीत येताना भीती सांडते, कधी तिचा रंगच बदलतो. बेताळाचेच पाहावे. पुण्याच्या वाचकाला वेताळ म्हटले की भुतांचा राजा, पाठुंगळीचे प्रेत आणि स्मशान आठवते, पण गोव्यातल्या आमोणे किंवा लोलये येथे बेताळ हा देव आहे, त्याच्यापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणे घालतात. म्हणून निवेदन मराठीत ठेवावे आणि बोलणाऱ्याच्या तोंडची वाक्ये, देवतांची नावे, विधींची नावे जशीच्या तशी राहू द्यावीत. अर्थ कंसात देण्यापेक्षा प्रसंगातून उलगडावा. रोयण या शब्दाला वारूळ म्हणून मोकळे झालो तर सातेरी हरवते, कारण रोयण म्हणजे मुंग्यांचे घर एवढेच नसून ती देवीच असते.

पर्यटकांसाठी तयार झालेल्या भुतांपासून सावध राहावे. कासावलीजवळच्या कुएली टेकडीवर तीन राजांचे, म्हणजे बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या राजांचे, कपेल अर्थात छोटे चर्च आहे. तिथे तीन राजांपैकी एकाने इतर दोघांना विष दिल्याची कथा सगळीकडे फिरते आणि तरुण मुले रात्री ती 'अनुभवायला' जातात. वास्तविक त्या टेकडीवर दर वर्षी सहा जानेवारीला तीन राजांचे फेस्त, म्हणजे चर्चचा उत्सव, होते आणि कुएली, कासावली व आरोसी या गावांतली तीन मुले राजे होऊन वर चढतात. मंडळाने अशी कथा घेतलीच तर विषाची गोष्ट सांगण्यापेक्षा फेस्ताच्या जागी भूत कसे येऊन बसले यावर लिहावे.

याउलट खरी जागा हवी असेल तर मे महिन्यात सांगे तालुक्यातल्या कुर्डीला जावे. साळावली धरणाच्या पाण्यात १९८० च्या दशकात बुडालेले हे गाव, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचे गाव, पाणी ओसरले की दर उन्हाळ्यात वर येते: घरांची जोती, झाडांचे वठलेले बुंधे, सोमेश्वराचे देऊळ. विस्थापित झालेली कुटुंबे तिथे जमतात, उत्सव करतात, आपापल्या घराच्या उंबऱ्याची जागा मुलांना दाखवतात. पाऊस सुरू झाला की सगळे पुन्हा पाण्याखाली. तिथे एकही भूत नाही. मंडळाला हा गृहपाठ द्यावा: भुताशिवाय कुर्डीची भयकथा लिहा, आणि त्या कुटुंबांच्या दुःखाचा बाजार होऊ देऊ नका. आमच्या आठपैकी दोघांना ती जमली.

शेवटचे काम बहुतेक मंडळे विसरतात. ज्याच्याकडून गोष्ट ऐकली त्याला लिहिलेली कथा वाचून दाखवावी, छापण्यापूर्वी. नावे बदलली आहेत ना, वाडा ओळखू येत नाही ना, हे त्याच्यासमोरच पडताळावे, आणि त्याने नको म्हटले तर कथा वहीतच राहू द्यावी. वाहणांची कथा घेऊन आम्ही पावसाळ्यानंतर त्या आजींकडे गेलो. त्यांनी डोळे मिटून सगळी ऐकली. मग म्हणाल्या की बाकी बरे आहे, पण तुमच्या कथेत तो तळीच्या डाव्या अंगाने येतो. तो डाव्या अंगाने कधी येत नाही, तिकडे आमचे शेत आहे. लेखकाने तिथेच पेन काढून 'डाव्या' खोडले आणि 'उजव्या' लिहिले.