राउटर गाइड रेलवर चालवायचाय? ॲडॅप्टर मागवायच्या आधी व्हर्निअर काढा

राउटर म्हणजे फिरत्या बिटाने लाकडात खाच मारायचं मशीन, आणि गाइड रेल म्हणजे त्याला सरळ चालवणारी ॲल्युमिनियमची पट्टी. या दोघांना जोडणारा एक ॲडॅप्टर माझ्या टूलच्या खणात गेली चार वर्षं पडून आहे, नवा कोरा. ऑनलाइन घेतला होता, फोटोखाली लिहिलेलं की सगळ्या राउटरना चालतो, आणि घरी आल्यावर बघतो तर त्याच्यासोबतचे राउटरला जोडायचे रॉड १० मिमीचे, माझ्या राउटरच्या बेसमधली भोकं १२ मिमीची. रॉड आत घातला की खुळखुळा. परत करायची मुदत कधीच संपलेली कारण मी खोकं उघडलंच तीन आठवड्यांनी. तेव्हापासून कोणी विचारलं की "दादा, माझ्या राउटरला रेलसाठी काय काय घ्यावं लागेल" तर मी आधी ब्रँड विचारत नाही, मी विचारतो की नक्की कापायचंय काय, आणि व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायचा कॅलिपर, आहे का घरात.

कापायचंय काय हे आधी कारण त्यावरच निम्मा खर्च वाचतो. समजा तुम्हाला फक्त प्लायच्या कडेपासून ५० मिमी आत एक सरळ खाच मारायचीय, बॅक पॅनल बसवायला वगैरे, तर त्याला रेल लागतच नाही, राउटरसोबत जी पॅरलल फेन्स येते ती लावा आणि कडेला टेकवून चालवा, झालं. रेलची खरी गरज तेव्हा पडते जेव्हा खाच कडेपासून लांब असते आणि फेन्सचे रॉड तिथपर्यंत पोचत नाहीत. म्हणजे पुस्तकांच्या कपाटाच्या उभ्या फळीत मधोमध आडव्या खाचा, किंवा ८ बाय ४ च्या शीटवर तिरकी खाच, किंवा ज्या तुकड्याची कडच सरळ नाही असा तुकडा. यातलं काही करायचं असेल तर पुढे वाचा.

आता रेल. अनेकांकडे ती आधीपासून असते, ट्रॅक सॉसोबत, म्हणजे रेलवर चालणाऱ्या गोल करवतीसोबत आलेली, आणि तीच राउटरला वापरायचा विचार असतो, चांगलाच आहे. रेलच्या वरून लांबीभर एक उभा उंचवटा गेलेला असतो, त्याला मी कणा म्हणतो, सगळा खेळ त्या कण्याचा. ॲडॅप्टरच्या पोटात जी खोबण असते ती याच कण्यावर बसते. फेस्टूल आणि मकिता या कंपन्यांच्या रेलचा कणा जवळपास सारखा, त्यामुळे एकाचा ॲडॅप्टर दुसऱ्याच्या रेलवर बहुतेक वेळा बसतो. बॉशच्या एफएसएन रेल माफेलच्या जातीच्या, त्या आपसात जुळतात पण फेस्टूल-मकिताशी नाही. डिवॉल्टची आणखी वेगळी, तिचा कणा मधोमध आणि दोन्ही बाजूंनी कापता येतं. म्हणजे रेल कुठल्या घराण्यातली हे आधी बघा, सोयरीक त्याच घराण्यात करायची. आणि लोकल रेल असेल, ज्यावर नावच नाही, तर कण्याची रुंदी आणि उंची व्हर्निअरने मोजून कागदावर लिहा.

त्याच कागदावर राउटरची मापं घ्या. पहिलं माप, रॉडच्या भोकाचा व्यास. ८, १०, १२ अशी नेहमीची मापं असतात पण अंदाजाने ठरवू नका, ड्रिल बिटची मागची दांडी घालून बघितली तरी कळतं. दुसरं, दोन भोकांमधलं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत. हे मोजायची सोपी युक्ती म्हणजे दोन्ही रॉड घालायचे, बाहेरून बाहेरपर्यंत मोजायचं आणि त्यातून एका रॉडचा व्यास वजा करायचा.

तिसरं माप कोणी घेत नाही आणि तिथेच सगळे फसतात. रॉडचा मध्य बेसच्या खालच्या पृष्ठभागापासून किती उंच आहे.

का ते सांगतो. राउटर रेलवर चालवायचे दोन प्रकार आहेत. एका प्रकारात राउटरचा बेस पूर्ण लाकडावर बसतो, रेल बाजूला राहते, आणि फक्त ॲडॅप्टर रेलवर चढून रॉडने राउटरला धरून ठेवतो. दुसऱ्या प्रकारात बेसचा अर्धा भाग रेलवर आणि अर्धा हवेत. आता पहिल्या प्रकाराचा हिशोब बघा, समजा माझ्या राउटरचा रॉड बेसच्या खालून २२ मिमीवर आहे आणि रेल ५ मिमी जाड, तर ॲडॅप्टरमधलं रॉडचं भोक रेलच्या वरून १७ मिमीवर असायला हवं. ते जर १३ वरच असेल तर रॉड तिरका होणार, तुम्ही स्क्रू आवळलात की बेसची एक बाजू उचलली जाणार, आणि खाच एकीकडे खोल एकीकडे उथळ. तुम्हाला वाटेल हात हलला. हात नाही हलला, ४ मिमी कमी पडले. उपाय काय, तर रेलच्या खाली पूर्ण लांबीभर ४ मिमीची प्लायपट्टी टाकायची. आणि उलट झालं, म्हणजे भोक २० वर निघालं, तर राउटरच्या बेसला खालून ३ मिमीचं ॲक्रिलिक चिकटवायचं, डबल टेपने सुद्धा चालतं. दोन्ही जुगाड मी केलेत, दोन्ही टिकतात. पण हे आधी माहीत असेल तर जुळणारा ॲडॅप्टरच घ्याल ना.

दुसऱ्या प्रकारात, अर्धा बेस रेलवर, तिथे हवेतल्या बाजूला आधार लागतो. कंपनीच्या काही ॲडॅप्टरसोबत एक छोटा पाय येतो, स्क्रूने वरखाली होणारा, तो रेलच्या जाडीएवढा खाली सोडायचा. नसेल तर रेलच्या जाडीची पट्टी खाचेच्या पलीकडे ठेवा, रेलला समांतर, आणि तिलाही क्लॅम्प करा. जाडी मोजताना रेल टेबलावर ठेवून मोजा, खालचे रबर धरून, नुसत्या ॲल्युमिनियमची नको. आणि लक्षात ठेवा की इथे बिट रेलच्या जाडीएवढं वर गेलेलं असतं, म्हणजे ८ मिमी खोल खाचेला बिट बेसखाली १३ मिमी काढावं लागतं, आखूड बिट असेल तर पुरत नाही, मग लोक कोलेटमधून (बिट पकडणाऱ्या चिमट्यातून) शँक, म्हणजे बिटाची दांडी, जास्त बाहेर ओढतात, ते अजिबात करू नका.

मला स्वतःला पहिला प्रकार आवडतो. राउटर लाकडावर सपाट बसतो, खोली लाकडापासूनच मोजली जाते, डोकं लावावं लागत नाही. फक्त फळीच्या अगदी कडेजवळ खाच असेल तर बेसला बसायला जागा उरत नाही, तिथे दुसरा.

रॉडबद्दल एक, नवीन लांब रॉडसाठी कंपनीची वाट बघत बसू नका. पुण्यात असाल तर बोहरी आळीत, मुंबईत नागदेवीला, ब्राइट बार, म्हणजे गुळगुळीत पोलादी सळई मागा, हव्या त्या व्यासाचा कापून मिळतो, टोकं कानसने घासून घ्या. ३०० ते ४०० मिमी लांबी पुष्कळ झाली. जास्त लांब घेतला की काम करताना थरथरतो आणि खाचेच्या भिंतीवर लाटा उमटतात, बोट फिरवलं की कळतं.

ट्रिमरवाल्यांसाठी, म्हणजे छोटा राउटर असणाऱ्यांसाठी, वाईट बातमी आहे. आपल्याकडे घरोघरी असतात ते मकिता ३७०९ किंवा बॉश जीकेएफ ५५० सारखे छोटे, त्यांना दोन रॉडची भोकंच नसतात, बाजूला एकच कंस बसतो. त्यामुळे रॉडवाला ॲडॅप्टर त्यांना बसायचा प्रश्नच नाही. त्यांच्यासाठी मी ६ मिमीच्या ॲक्रिलिकची लांबट प्लेट करतो, साधारण ३०० बाय १५०, एका टोकाला ट्रिमर स्क्रूने आणि दुसऱ्या टोकाला खालून दोन पट्ट्या, कण्याच्या दोन्ही बाजूंना घासून जातील अशा. ट्रिमरच्या बाजूला खालून रेलच्या जाडीची पट्टी लावायची म्हणजे प्लेट सपाट राहते. एका दुपारचं काम आहे. पण ट्रिमरने एका दमात १८ मिमी रुंद खाच मारायची स्वप्नं बघू नका, ५३०-५५० वॉटचं मशीन आहे ते.

बाकी सामान. क्लॅम्प घ्याच, यात काटकसर नको. सॉ चालवताना रेल खालच्या रबरावर तशीच टिकून राहते म्हणून लोकांना वाटतं राउटरलाही राहील, पण राउटरचा थरथराट वेगळा, रेल हळूहळू सरकते आणि तुम्हाला कळतही नाही. रेलच्या खालच्या खाचेत सरकवायचे खास क्लॅम्प मिळतात, त्यांचा वर काहीच अडथळा येत नाही. साधा एफ क्लॅम्प त्या खाचेत जाईलच असं नाही, त्याचा जबडा मोजून घ्या. वरून सी क्लॅम्प लावलात तर ॲडॅप्टर त्याला जाऊन धडकणार, आणि तो नेमका शेवटच्या १०० मिमीला धडकतो.

रेलची लांबी. फळी ६०० ची आहे म्हणून ८०० ची रेल पुरेल असं वाटतं, पण ॲडॅप्टर स्वतः २०० लांब असेल आणि बिट त्याच्या मध्यावर असेल, तर बिट फळीच्या अलीकडून सुरू होऊन पलीकडे बाहेर पडेपर्यंत ८३० च्या आसपास रेल लागते. म्हणजे १००० किंवा १०८० ची घ्या. अख्ख्या ८ फुटी शीटवर, म्हणजे २४४० वर, एकतर २७०० ची नाहीतर दोन रेल जोडपट्टीने जोडून, आणि जोडताना मोठी सरळ पट्टी कण्याला लावून बघा, नुसत्या डोळ्यावर विश्वास नको.

कोलेट तपासा. ६ मिमी आणि पाव इंच, म्हणजे ६.३५, हे एक नाही. १२ मिमी आणि अर्धा इंच, म्हणजे १२.७, हेही एक नाही. दुकानदार म्हणेल चालतंय साहेब, नाही चालत, बिट चालू मशीनमधून निसटतं.

आणि ते दर ३२ मिमीवर भोकं पाडायचं सिस्टीम, फेस्टूलचं एलआर ३२ वगैरे. त्याला साधी रेल चालत नाही, भोकं असलेली वेगळी रेल लागते, वर राउटरखालची प्लेट, दोन कडेचे स्टॉप, ५ मिमीचं बिट, आणि त्या बिटाचा शँक ८ मिमीचा म्हणून ८ ची कोलेट. कपाटाच्या फळीच्या खुंट्या आणि बिजागऱ्या, पुढच्या कडेपासून ३७ मिमीवर, दर ३२ ला एक भोक, काम देखणं होतं. पण वर्षाला दोन कपाटं करणाऱ्याने यात पडू नये, ड्रिलचा जिग, म्हणजे भोकांचा साचा, बास.

आता सगळं जमलं, पहिली खाच. चांगल्या फळीवर मारू नका. एक रद्दी तुकडा घ्या, रेल लावा, खाच मारा, आणि रेलच्या कडेपासून खाचेच्या जवळच्या भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. बरोबर त्या रुंदीचा एक ठोकळा कापा आणि त्यावर मार्करने बिटाचं माप लिहा. पुढच्या वेळी खाचेची रेघ मारली की ठोकळा रेघेला लावायचा, रेल ठोकळ्याला भिडवायची, क्लॅम्प करायचा. मोजमाप नाही, वजाबाकी नाही. माझ्याकडे असे तीन ठोकळे खिळ्याला टांगलेत, फक्त ॲडॅप्टरचे स्क्रू हलवले की ठोकळा बाद, नवा करायचा.

खाचेची रुंदी बाजारातल्या प्लायवर ठरवा, लेबलवर नाही. १८ चा प्लाय हातात घेऊन मोजलात तर १७ पॉइंट काहीतरी भरतो, आणि १८ च्या बिटाने मारलेल्या खाचेत फळी डुलते. म्हणून १२ चं बिट आणि दोन फेऱ्या, दुसऱ्या फेरीआधी ॲडॅप्टरचा बारीक ॲडजस्टमेंटचा स्क्रू फिरवून हवं तेवढं सरकायचं. हा स्क्रू ज्या ॲडॅप्टरला आहे तोच घ्या, मी तर म्हणेन चार पैसे जास्त याच्यासाठीच द्यावेत. कपाटाच्या डाव्या उजव्या फळ्या शेजारी शेजारी क्लॅम्प करून एकाच फेरीत दोन्हींवर खाच मारा, मग फळी तिरकी बसायचा विषयच संपतो.

दिशा, राउटर तुमच्यापासून पुढे ढकलताय तर रेल डाव्या हाताला हवी. बिट वरून बघितलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतं, त्यामुळे राउटर डावीकडे ओढला जातो, म्हणजे रेलवर दाबला जातो. उजवीकडे ठेवलीत तर तो रेलपासून पळायला बघतो आणि ॲडॅप्टरमध्ये जेवढी ढील आहे तेवढी खाच वाकडी. ढील काढायला ॲडॅप्टरच्या बाजूला छोटे स्क्रू असतात, इतके आवळा की ढकलताना अडकत नाही पण हलवलं तर टकटक आवाजही येत नाही.

एका दमात ५-६ मिमीपेक्षा खोल जाऊ नका, भुसा ओढायला व्हॅक्यूम लावा, कारण भुसा कण्यावर साठला की ॲडॅप्टर त्यावर चढतो.

आणि रेलच्या कडेचं ते रबर, कपची उडू नये म्हणून असतं ते, सॉच्या पात्याने बरोबर मापात कापलेलं असतं. राउटरला त्याचा शून्य उपयोग. पण राउटर रेलच्या फार जवळ सेट केलात तर बिट ते खातं, मी खाल्लंय, जवळजवळ हातभर, आणि मग सॉसाठी ती कड बेकार, नवीन पट्टी मागवून, चिकटवून, परत सॉने कापून घ्यावी लागली. म्हणून बिट बसवल्यावर मशीन बंद ठेवून, प्लग काढून, हाताने बिट फिरवत एकदा रेलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत राउटर सरकवून बघा, बिट आणि रबर यांच्यात बोटभर फट दिसली की मगच प्लग लावा.