१९६९ ची शेव्हर्ले कॅमेरो झेड/२८ : अस्सल गाडी पारखून कशी घ्यावी

१९६९ च्या मॉडेलच्या सुमारे दोन लाख ४३ हजार कॅमेरो तयार झाल्या आणि त्यांतल्या फक्त २०,३०२ झेड/२८, म्हणजे शर्यतीसाठी बांधलेल्या खास प्रकारच्या, होत्या. आज झेड/२८ म्हणून विकायला काढलेल्या गाड्यांत साध्या व्ही-८ कॅमेरोवर पट्टे मारून, बिल्ले लावून आणि इंजिन बदलून केलेल्या बऱ्याच असतात. तशी गाडी चालवायला वाईट नसते, पण अस्सलच्या भावात घेतली तर पैसे बुडतात. म्हणून पाहणीचा क्रम पक्का ठेवा : आधी नंबर, मग पत्रा, मग इंजिनाची तब्येत आणि सगळ्यात शेवटी भाव. नवा रंग बघून भुललेला माणूस हा क्रम उलटा करतो.

ही गाडी मुळात काय आहे

ट्रान्स-ॲम या अमेरिकेतल्या शर्यतमालिकेत इंजिनाला ३०५ घनइंचांची, म्हणजे पाच लिटरची मर्यादा होती. त्या मर्यादेत बसावे म्हणून शेव्हर्लेने ४ इंच बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ३ इंच स्ट्रोकचे (पिस्टनची धाव) ३०२ घनइंची इंजिन बनवले. शर्यतपटू मार्क डोनोह्यूने १९६८ आणि १९६९ ची अजिंक्यपदे याच गाडीवर मिळवली. शर्यत डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली असल्याने १९६९ ची झेड/२८ फक्त कूपे (पक्क्या छताची, दोन दारांची) मिळायची आणि तिला चार गिअरांचा मॅन्युअल गिअरबॉक्सच असायचा. एसी मिळत नसे. पुढे डिस्क ब्रेक, मागे बारा बोल्टांचा एक्सल. ओळख पटवताना हीच यादी सर्वात जास्त उपयोगी पडते.

पायरी १ : निघण्यापूर्वी फोटो मागवा

चार फोटो मागवा : डॅशबोर्डवरची व्हीआयएनची (गाडीच्या ओळख क्रमांकाची) पट्टी, फायरवॉलवरचा (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावरचा) टॅग, इंजिनावरचा ठोकलेला नंबर आणि मागच्या एक्सलच्या नळीवरचा कोड. इंजिनाचा फोटो द्यायला विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर विमानाचे तिकीट काढू नका.

पायरी २ : नंबरांची साखळी जुळवा

व्हीआयएन १२४३७९एन५००००१ अशा धर्तीचा असतो. १ म्हणजे शेव्हर्ले, २४ म्हणजे व्ही-८ कॅमेरो, ३७ म्हणजे कूपे, ९ म्हणजे १९६९, एन म्हणजे ओहायोतला नॉरवूड कारखाना. कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइसच्या गाडीला एल असतो. सुरुवात १२३ ने असेल तर गाडी मुळात सहा सिलिंडरची, आणि ३७ च्या जागी ६७ असेल तर ती कन्व्हर्टिबल (उघडत्या छताची). दोन्हींपैकी एकही झेड/२८ असू शकत नाही. मात्र व्हीआयएन इथवरच सांगतो. गाडी झेड/२८ आहे हे त्यात कुठेच लिहिलेले नसते. १९७० च्या डॉज चॅलेंजरमध्ये व्हीआयएनचे पाचवे अक्षर थेट इंजिन सांगते, आर असेल तर ४२६ घनइंची हेमी इंजिन. ती सोय इथे नाही, म्हणून बाकीचे पुरावे महत्त्वाचे.

व्हीआयएन पट्टी फुलाच्या आकाराच्या डोक्याच्या रिव्हेटांनी बसवलेली असते. साधे गोल रिव्हेट किंवा ओरखडलेला पत्रा दिसला तर थांबा. याच नंबरचा शेवटचा भाग बॉडीवर आणखी दोन ठिकाणी ठोकलेला असतो : काचेखालच्या जाळीच्या आत आणि फायरवॉलवर हीटरच्या मोटरीमागे. चोरीच्या किंवा दोन गाड्या जोडून केलेल्या गाडीचे बिंग इथे फुटते.

फायरवॉलच्या टॅगवर ०१सी असे असेल तर बॉडी जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यातली. नॉरवूडने डिसेंबर १९६८ च्या सुमारास टॅगवर एक्स-कोड टाकायला सुरुवात केली. एक्स३३ आणि एक्स७७ हे झेड/२८ चे. त्याआधीच्या नॉरवूडच्या आणि व्हॅन नाइसच्या सगळ्याच गाड्यांवर हा कोड नसतो, त्यामुळे तो नाही म्हणून गाडी खोटी ठरत नाही. उलट नवे टॅग बनवून मिळतात, म्हणून कोड आहे एवढ्यावर ती खरीही ठरत नाही.

आता इंजिन. उजव्या हेडच्या पुढे ब्लॉकवर एक छोटी सपाट जागा असते. तिथे व्ही०११२डीझेड असे वाचायला मिळाले पाहिजे : व्ही म्हणजे फ्लिंटचा कारखाना, १२ जानेवारी ही जुळणीची तारीख आणि डीझेड हा १९६९ च्या ३०२ चा कोड. गाडीच्या व्हीआयएनचा शेवटचा भाग तिथेच किंवा तेलाच्या फिल्टरच्या वर ठोकलेला असतो. ब्लॉकच्या मागच्या कडेला उजवीकडे ओतकामाची तारीख उठावात असते. ए ७ ९ म्हणजे ७ जानेवारी १९६९. डावीकडे ओतकामाचा नंबर असतो, ३९७००१० किंवा ३९३२३८६.

तारखांचा क्रम ओतकाम, जुळणी, बॉडी असाच हवा, आणि अंतर काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत. जुळणीची तारीख बॉडीच्या नंतरची असेल तर ते इंजिन या गाडीचे नाही. गिअरबॉक्स आणि एक्सल यांच्या तारखाही याच माळेत बसल्या पाहिजेत.

नंबर खोटा ठोकलाय का, हे टॉर्च तिरपा धरून बघा. कारखान्यातल्या यंत्राने त्या सपाट जागेवर पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेघा उठत. इंजिन दुरुस्तीत वरचा भाग घासला की रेघा आणि नंबर दोन्ही जातात. गुळगुळीत पृष्ठभागावर टवटवीत अक्षरे दिसली तर नंबर नंतर ठोकलेला आहे. घासलेल्या ब्लॉकवर नंबरच नसेल आणि विक्रेता ते उघड सांगत असेल, तर तो प्रामाणिक व्यवहार आहे. भाव त्या हिशेबाने लावा.

नंबरांच्या पलीकडे बॉडीही बोलते. फायरवॉलवर एसीची भोके बुजवलेली दिसली, किंवा गिअरसाठी मजला नंतर कापल्याच्या खुणा दिसल्या, तर गाडी झेड/२८ म्हणून जन्मलेली नाही. एक्सलच्या मागच्या झाकणाचे बोल्ट मोजा. होली कार्बोरेटरवर लिस्ट नंबर ४०५३ आहे का बघा, पण तो निर्णायक समजू नका. असे सुटे भाग सहज विकत मिळतात.

पायरी ३ : कागद

जुन्या पॉन्टिॲकचे कारखान्याचे बिल पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून मिळते, १९६७ पासूनच्या फोर्डसाठी मार्टी रिपोर्ट असतो. अमेरिकेत विकल्या गेलेल्या १९६९ च्या कॅमेरोसाठी असा संग्रह नाही. कॅनडात विकलेली असेल तर जनरल मोटर्सच्या कॅनडा शाखेकडे नोंद सापडते. म्हणून मूळ मालकाकडून आलेला कागद सोन्यासारखा. काचेवरचा किमतीचा कागद, डीलरचे बिल आणि वॉरंटी पुस्तिकेतली प्रोटेक्ट-ओ-प्लेट नावाची धातूची पट्टी मागा. त्या पट्टीवर इंजिन, गिअरबॉक्स आणि एक्सल यांचे कोड असतात. कधीकधी कारखान्याची बिल्ड शीट सीटच्या स्प्रिंगमध्ये किंवा पेट्रोलच्या टाकीवर चिकटलेली सापडते. कागदांच्याही नकला होतात, त्यामुळे प्रत्येक कोड धातूवरच्या नंबराशी ताडून पाहा.

पायरी ४ : पत्रा आणि रंग

या गाडीला मागे स्वतंत्र चासी नाही; पुढची सबफ्रेम (इंजिन पेलणारा सांगाडा) रबरी बुशांवर बॉडीला बोल्टने जोडलेली असते. त्यामुळे मजला कुजला की गाडीचा कणाच जातो. मागची काच, विशेषतः छतावर व्हिनाइल असेल तर, पहिला संशयित : काचेखालच्या पन्हळीत पाणी साचते, पत्रा खाल्ला जातो आणि पाणी डिकीत उतरते. त्यानंतर डिकीचे कोपरे, मागच्या चाकांच्या कमानी, पुढचा मजला आणि पुढच्या मडगार्डांचा खालचा भाग बघा. काचेपुढच्या जाळीत हळूहळू पाणी ओता. ते पुढच्या चाकांच्या मागून बाहेर पडले पाहिजे. आत पायाशी ठिबकले तर आतला पत्रा गेलेला आहे आणि तो बदलायला गाडीचा अर्धा पुढचा भाग उघडावा लागतो.

रंगाची जाडी मोजायचे यंत्र बरोबर न्या. कारखान्याचा लॅकर साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. ३०० च्या वर आकडे म्हणजे गाडी पुन्हा रंगवलेली, हजाराच्या आसपास म्हणजे खाली पुट्टी. कारखान्याच्या जोडांवर गोल खळगी दिसतात. बदललेल्या पत्र्याचे वेल्डिंग भरीव आणि घासलेले असते. डिकीत ठिपक्याठिपक्यांचा मूळ रंग टिकलेला असेल तर ती फार चांगली खूण. कडांना विरलेला, बारीक तडे गेलेला मूळ लॅकर नव्या चकचकीत रंगापेक्षा आम्ही कधीही जास्त मोलाचा मानतो. नवा रंग केव्हाही देता येतो, मूळ रंग एकदाच असतो.

पायरी ५ : इंजिन थंड असतानाच

विक्रेत्याला आधीच सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. थंड इंजिन सुरू होताना निघणारा निळा धूर व्हॉल्व्हच्या सीलांचा. चालताना सतत निघत असेल तर रिंगांचा. टॅपेटांची टकटक ऐकून घाबरू नका, या इंजिनात सॉलिड लिफ्टर आहेत आणि थोडा आवाज असायचाच. गरम झाल्यावर दर हजार आरपीएमला १० पीएसआय तेलाचा दाब पुरेसा. कॉम्प्रेशन मोजताना सगळे प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा. आठ सिलिंडरांमधला फरक १० ते १५ टक्क्यांत हवा.

पायरी ६ : भाव आणि व्यवहार

हॅगर्टी या जुन्या गाड्यांचा विमा उतरवणाऱ्या कंपनीच्या दरयादीत गाडीची अवस्था १ (सर्वोत्तम) ते ४ अशी मोजतात. विक्रेते बहुतेक गाड्या एक पायरी वर चढवून सांगतात. लिलावात बोलीवर खरेदीदाराचे साधारण १० टक्के शुल्क चढते, ते बोली लावण्याआधीच वजा करून ठेवा. मालकीच्या टायटलवरचा व्हीआयएन गाडीशी अक्षरशः जुळला पाहिजे आणि त्यावर कर्जाचा बोजा नसावा. विमा ठरलेल्या किमतीचा घ्या. नेहमीच्या विम्यात घसारा धरला जातो.

घरी आल्यावर

टायरवरची तारीख बघा. चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. दहा वर्षांवरचे टायर चांगले दिसले तरी त्यावर वेगाने जाऊ नका. आजच्या पेट्रोलमधले इथेनॉल जुने रबर खाते, म्हणून पेट्रोलचे पाइप पहिल्याच आठवड्यात बदला, ब्रेकचेही. तेल जस्ताचे प्रमाण जास्त असलेले घाला, नाहीतर कॅमशाफ्टचे उंचवटे झिजतात. काढलेला प्रत्येक मूळ भाग, गंजका क्लॅम्पसुद्धा, पिशवीत घालून कुठला ते लिहून जपून ठेवा; गाडी पुढे विकताना ती खोकी गाडीबरोबरच जातात आणि त्यांचे पैसे मिळतात.