इमारतीच्या देखभाल कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण : या चुका टाळा

एका इमारतीत आगीच्या पंपाची तपासणी चालू होती. ऑपरेटरने पॅनेलवरचं हिरवं बटण दाबलं, पंप धडधडला, मिनिटभराने लाल बटण दाबून त्याने तो बंद केला आणि लॉगबुकात ‘ओके’ लिहिलं. मी म्हटलं, आता बटणाला हात न लावता चालू करून दाखवा. तो गोंधळला. मग आम्ही दोघांनी मिळून पाइपवरचा टेस्ट व्हॉल्व्ह हळूहळू उघडला. गेजचा काटा खाली येत गेला. जॉकी पंप, म्हणजे पाइपातला दाब टिकवून ठेवणारा छोटा पंप, लागायला हवा होता, लागला नाही. काटा आणखी उतरला, तरी मुख्य पंपही गप्प. पंप आपोआप लागायचा की हाताने, हे ठरवणारा सिलेक्टर स्विच ‘मॅन्युअल’वर होता, आणि कधीपासून होता हे कोणालाच सांगता येईना.

आग लागते तेव्हा बटण दाबायला पंपरूममध्ये कोणी उभं असेलच असं नाही. स्प्रिंकलर फुटला किंवा हायड्रंट उघडला की पाइपातला दाब पडतो, प्रेशर स्विचला ते कळतं आणि पंप आपोआप लागतो. सगळी व्यवस्था या एका गोष्टीवर उभी आहे. त्या ऑपरेटरकडे अग्निसुरक्षेच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र होतं. त्याला बटण शिकवलं होतं, दाब कोणी शिकवलाच नव्हता. मी त्याला दोष देत नाही. दोष शिकवणाऱ्यांचा आहे, आणि त्यांच्यात आपण सगळे आलो.

वर्गात बसवलं म्हणजे शिकवलं, ही पहिली चूक

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, अमेरिकेत कारखान्यांतल्या नवख्या कामगारांना झपाट्याने तयार करण्यासाठी एक पद्धत आखली गेली. तिच्या चार पायऱ्या होत्या : शिकणाऱ्याची तयारी करून घ्या, काम करून दाखवा, त्याच्याकडून करवून घ्या, आणि नंतर जागेवर जाऊन तो कसं करतोय ते बघा. आपल्याकडची बहुतेक प्रशिक्षणं दुसऱ्या पायरीवरच संपतात, तीही पडद्यावरच्या चित्रांनी. व्हॉल्व्ह किती घट्ट असतो, एसीचं पाणी थंड करणारा चिलर भरल्या लोडवर कसा वाजतो, पट्टा सैल झाला की कसा किंचाळतो, हे चित्रातून कळत नाही. दोन तासांच्या वर्गापेक्षा पंपरूममधली वीस मिनिटं जास्त कामाची, असं माझं ठाम मत आहे. अट एकच, पाना शिकणाऱ्याच्या हातात हवा.

आकडा लिहायला शिकवतो, वाचायला नाही

लॉगशीट चाळताना सलग आठवडाभर प्रत्येक तासाला एकच आकडा दिसला, तर माणसाला खोटारडा ठरवायची घाई करू नका. आधी गेज तपासा. पंप बंद करून लाइन रिकामी केल्यावरही काटा पाच किलो दाबावर अडकलेला मी पाहिला आहे. कर्मचारी दिसेल ते प्रामाणिकपणे लिहीत होते. बंद पंपाचा काटा शून्याकडे यायला हवा, एवढंच त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

यावर उपाय अवघड नाही. प्रत्येक आकड्याच्या रकान्याशेजारी त्याची नेहमीची मर्यादा छापा, आणि मर्यादा ओलांडली तर कोणाला फोन करायचा तेही. मग प्रशिक्षणात एक मुद्दाम बिघडवलेली लॉगशीट हातात द्या आणि विचारा, यात गडबड कुठे आहे? उत्तर शोधताना माणूस आकड्याकडे बघायला शिकतो.

जनरेटरचंही तेच. दर आठवड्याला दहा मिनिटं रिकामा चालवला की कर्तव्य संपलं, असं शिकवलं जातं. पण नेहमी बिनलोड चालणाऱ्या इंजिनात डिझेल पुरतं जळत नाही आणि धुराड्यात काळा तेलकट थर साचतो. म्हणून महिन्यातून एकदा तरी निदान ३० टक्के लोडवर अर्धा तास चालवण्याचा प्रघात आहे. दुसरं, ऐन वेळी जनरेटर सुरू न होण्याचं फार मोठं कारण बॅटरी असतं. तिचं व्होल्टेज नुसतं जनरेटर बंद असताना मोजून काही कळत नाही. स्टार्टर फिरताना ते किती पडतं ते बघायला शिकवा.

पुन्हा पुन्हा ट्रिप होतंय? मग एमसीबी मोठा करू नका

ही चूक इतकी सर्रास होते की तिच्यासाठी वेगळा तास ठेवायला हवा. एमसीबी म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडून सप्लाय तोडणारा स्विच. १६ अँपिअरचा एमसीबी सारखा पडतो म्हणून ३२ चा बसवला, तक्रार थांबली, साहेबही खूश. पण एमसीबी असतो तो भिंतीतल्या वायरीला जपण्यासाठी. आता वायर तापत राहील आणि एमसीबी पडणार नाही.

त्याऐवजी क्रम शिकवा. अलीकडे या सर्किटवर नवीन काय जोडलं? पडतो तो लगेच की थोड्या वेळाने? लगेच पडत असेल तर शॉर्टचा संशय घ्या, थोड्या वेळाने पडत असेल तर जास्त लोडचा. क्लॅम्प मीटरने करंट मोजा. आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की पडणारा स्विच, पडत असेल तर करंटची गळती शोधा : उपकरणं एकेक करून काढा, मग सप्लाय बंद करून मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) वायरीचं इन्सुलेशन बघा. बिघाड शोधणं हे प्रश्न विचारण्याचं काम आहे, आणि हे प्रश्न पाठ होईपर्यंत घोटून घ्यावे लागतात.

‘बंद केलंय’ या शब्दावर विसंबणं

इथे मी थोडा जास्त वेळ घेणार, कारण इथे माणसं जातात. मुख्य स्विच बंद केल्यावर त्याला स्वतःचं कुलूप, त्यावर स्वतःच्या नावाची पट्टी, आणि किल्ली स्वतःच्या खिशात. तीन जण काम करत असतील तर तीन कुलपं. त्यानंतर टेस्टर आधी चालू सप्लायवर लावून बघायचा, मग बंद केलेल्या ठिकाणी, मग पुन्हा चालू सप्लायवर. मधल्या वेळात टेस्टरच बिघडला नाही याची खात्री त्यानेच होते. हे प्रत्येकाकडून करवून घ्या, सुपरवायझरकडूनही. व्हीएफडीच्या (मोटरचा वेग कमीजास्त करणाऱ्या यंत्राच्या) आतले कपॅसिटर सप्लाय तोडल्यावरही काही मिनिटं भारित असतात. किती थांबायचं ते त्याच्या लेबलवर लिहिलेलं असतं, ते मोठ्याने वाचायला लावा.

टाक्या आणि मॅनहोलचं तर विचारूच नका. आत पडलेल्या सहकाऱ्याला वाचवायला दुसरा उतरतो आणि तोही परत येत नाही, असं वारंवार घडलं आहे. हवेत ऑक्सिजन साधारण २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली आत पाऊल टाकायचं नाही. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण प्रमाण वाढलं की तोच वायू नाक बधिर करतो आणि वास येईनासा होतो. म्हणून वास गेला म्हणजे धोका गेला, असं नाही. गॅस डिटेक्टर, ट्रायपॉड (माणसाला वर ओढून घ्यायची तिपाई) आणि दोर यांचा सराव झाल्याशिवाय कोणालाही या कामावर पाठवू नका. आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाला एकच गोष्ट शंभरदा सांगा : तू उतरायचं नाहीस.

राहून जाणारी माणसं

प्रशिक्षण दिवसा, दुपारी, जेवणानंतर. रात्रपाळीचा माणूस झोपेतून उठून आला तर आला. ठेकेदाराची माणसं यादीतच नसतात. आणि पाण्याची लाइन फुटते तेव्हा इमारतीत नेमके हेच दोघे असतात. रात्रीचं प्रशिक्षण रात्रीच, त्यांच्या पाळीत घ्या.

नव्या इमारतीत आणखी एक गफलत होते. यंत्र बसवणारी कंपनी ते सुपूर्द करताना माहिती देते, तेव्हा ते चालवणारी माणसं भरतीच झालेली नसतात. त्या दिवशी सगळ्याचा व्हिडिओ काढून ठेवा, कर्मचारी बोलतात त्या भाषेत.

त्या पंपरूमचं पुढे काय झालं ते सांगतो. तिथला मुख्य पंप एकदा लागला की हातानेच बंद करावा लागायचा. तो बंद करताना स्विच ‘मॅन्युअल’वर फिरवला जाई आणि परत ‘ऑटो’वर न्यायचं राहून जाई. आम्ही प्रत्येक पाळीतल्या प्रत्येकाकडून व्हॉल्व्ह उघडून दाब पाडायची चाचणी करवून घेतली. आता त्या लॉगबुकात ‘ओके’ लिहायला जागा नाही. तिथे तीन रकाने आहेत : जॉकी किती दाबाला लागला, मुख्य पंप कितीला लागला, आणि निघताना स्विच कशावर होता.